एक डेटाबेस म्हणजे किती?

शाळेत मुले किती, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला साधा वाटतो. शिक्षकांना तो साधा नाही हे ठाऊक असते. पटावर किती, आज हजर किती, परीक्षेला बसलेली किती, दुपारी जेवलेली किती, या प्रश्नांची उत्तरे निराळी येतात आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर असते. मात्र शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. त्यामुळे पटाच्या आकड्याला जे वजन येते ते बाकीच्यांना येत नाही. पटपडताळणी त्या एकाच आकड्याची होते.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांपुढे गेली पन्नासहून अधिक वर्षे असाच प्रश्न उभा आहे. सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो. खरे तर आपण त्याच्या वापराचा परवाना घेतो, आणि परवाना कशाच्या तरी संख्येवर असतो. ती संख्या यंत्रांची, माणसांची, प्रोसेसरची, की आणखी कशाची? या लेखात आम्ही त्या संख्येचा इतिहास सांगणार आहोत. वाणिज्याचा हा विषय विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शनिवारच्या घटनेत आहे. आधी ती पाहू.

२५ जानेवारी २००३. भारतीय वेळेनुसार सकाळी अकराच्या सुमारास इंटरनेटवर एक छोटी आज्ञावली सुटली. तिची लांबी अवघी ३७६ बाइट, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढ्या इंग्रजी मजकुराइतकी. पुढे तिला ‘स्लॅमर’ हे नाव पडले. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर २०००’ या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एक दोष होता. त्या दोषातून ती यंत्रात शिरे आणि लगेच दुसऱ्या यंत्रांकडे स्वतःच्या प्रती पाठवू लागे. सुरुवातीला ग्रस्त यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. एकापासून पंचाहत्तर हजारांपर्यंत पोचायला किती दुपटी लागतात, हे विद्यार्थ्यांनी करून पाहावे. सोळा दुपटींत ६५,५३६ होतात, आणि सोळा दुपटींना सव्वादोन मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात जाळ्याची वाटच तुंबल्याने वेग पुढे मंदावला. तरीही दोषी यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे दहा मिनिटांत ग्रस्त झाली. बँक ऑफ अमेरिकेच्या सुमारे १३,००० एटीएमचे व्यवहार अडले. ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात सुरक्षेची मापे दाखवणारी एक प्रणाली जवळजवळ पाच तास बंद पडली. सुदैवाने अणुभट्टी तेव्हा दुरुस्तीसाठी आधीपासूनच बंद होती.

या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने २४ जुलै २००२ रोजीच, म्हणजे सहा महिने आधी, प्रसिद्ध केला होता. मग तो लोकांनी बसवला का नाही? आळस हे एक कारण होतेच. पण अनेकांना आपल्याकडे हा डेटाबेस आहे हेच माहीत नव्हते. याच सॉफ्टवेअरची एक छोटी, फुकट आवृत्ती ‘एमएसडीई’ या नावाने इतर सॉफ्टवेअरच्या पोटात घालून दिली जात असे. बॅकअप घेणारे किंवा विषाणूंवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले की त्याबरोबर डेटाबेसही बसे. त्याची वेगळी खरेदी नाही, पावती नाही, म्हणून कोणत्याही यादीत नोंद नाही. पैसे मोजून घेतलेले डेटाबेस यादीत होते, फुकट आलेले नव्हते. किडीला अर्थातच या भेदाशी कर्तव्य नव्हते.

आता इतिहासात मागे जाऊ.

१९५० आणि ६० च्या दशकांत मोठे संगणक बहुधा भाड्याने घेतले जात, आणि मोजला जाई तो वेळ. आयबीएमच्या यंत्राचे मासिक भाडे साधारणपणे १७६ तासांच्या वापराचे असे; त्यावर वापर झाला की जादा आकार. ‘सिस्टिम/३६०’ या मालिकेतील यंत्रांवर वीजमीटरसारखे दोन मीटर होते, एक ग्राहकाच्या कामाचा आणि दुसरा दुरुस्तीच्या वेळेचा. कोणता चालू ठेवायचा हे किल्लीने ठरे. दुरुस्तीच्या वेळेचे पैसे ग्राहकाने का भरावे, हा त्यामागचा विचार. सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच येई. त्याची वेगळी किंमत नसल्याने ते मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

१७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि २३ जून १९६९ रोजी आयबीएमने आपली सॉफ्टवेअर व सेवा यंत्रापासून अलग करून विकण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअरच्या धंद्याचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगण्याची पद्धत आहे. आम्हाला ती थोडी अतिशयोक्ती वाटते. त्याआधीच, १९६७ मध्ये, इन्फर्मॅटिक्स कंपनीचे ‘मार्क-४’ हे सॉफ्टवेअर ३०,००० डॉलरना विकले जात होते, आणि अप्लाइड डेटा रिसर्चच्या मार्टिन गोएट्झना १९६८ मध्ये सॉफ्टवेअरवरचे पहिले समजले जाणारे पेटंटही मिळाले होते. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूशी स्पर्धा करणे अवघड असते. ती अडचण १९६९ नंतर कमी झाली. या बदलाच्या वेळी आयबीएमने यंत्रांचे दर तीन टक्क्यांनी उतरवले. आजवर फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरचे मोल एवढेच का, असा प्रश्न ग्राहकांनी विचारला असेल तर नवल नाही.

पहिले एकक सोपे होते: एक परवाना, एक यंत्र. यंत्राचा अनुक्रमांकच परवान्यात लिहिलेला असे. हजारो माणसांत एक यंत्र असताना ही मोजणी चुकणे जवळजवळ अशक्य होते. पुढे यंत्र जितके मोठे तितका परवाना महाग, अशा पायऱ्या आल्या. मग टेबलावरचे छोटे संगणक आले आणि नकला करणे सोपे झाले. हौशी मंडळी आपली ‘बेसिक’ पैसे न देता वापरतात, अशी तक्रार करणारे बिल गेट्सचे खुले पत्र फेब्रुवारी १९७६ चे आहे.

संगणक तारांनी जोडले गेल्यावर यंत्राऐवजी माणूस मोजणे सोयीचे झाले. त्यातही दोन प्रकार. नावनिशीवार माणसे मोजायची, की एका वेळी काम करणारी? तीस संशोधकांच्या विभागात पाच परवाने पुरतात, कारण सगळे एकदम बसत नाहीत. किती पुरतील याचे गणित मात्र जुने आहे. टेलिफोनच्या किती तारा ठेवल्या म्हणजे ‘लाइन बिझी’ची वेळ क्वचितच येईल, हा प्रश्न डेन्मार्कच्या ॲग्नर एरलांग यांनी १९१७ मध्ये सोडवला होता, परवान्यांना तेच सूत्र लागू पडते. आमच्या प्रयोगशाळेत अशा पाच परवान्यांपैकी एक नेहमी अडकलेला असे. एक सहकारी संगणक चालू ठेवून चहाला जात आणि ते चहा सावकाश पीत. हा अवधी एरलांगच्या सूत्रात घालता येतो, पण त्यांना कोण सांगणार!

इंटरनेटने हे एकक मोडले. दुकानाची वेबसाइट दिवसाला दहा हजार लोक पाहतात. वेबसाइट मात्र डेटाबेसशी एकाच नावाने बोलते. मग वापरणारा एक की दहा हजार? हा वाद अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सॅप विरुद्ध डियाजिओ या खटल्यात निर्णय दिला, की दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येणारे ग्राहकही सॅपचेच वापरकर्ते ठरतात. सॅपची मागणी सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांची होती.

माणसे मोजता येईनात तेव्हा विक्रेते पुन्हा यंत्राकडे, पण या वेळी त्याच्या पोटातल्या प्रोसेसरकडे वळले. ओरॅकलने १९९९ च्या अखेरीस एक विलक्षण एकक काढले. प्रोसेसरांची संख्या गुणिले त्यांचा मेगाहर्ट्झमधला वेग, आणि ‘रिस्क’ जातीचा प्रोसेसर असेल तर आणखी दीडपट. म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचे चार इंटेल प्रोसेसर असतील तर २००० एकके. ४०० मेगाहर्ट्झचे चार रिस्क असतील तर २४००. जणू रिक्षाचे भाडे अंतरावर न घेता इंजिनाच्या ताकदीवर घ्यायचे. नवे वेगवान यंत्र घेतले की काम तेच असूनही बिल वाढे. ग्राहक चिडले, आणि जून २००१ मध्ये ते एकक रद्द होऊन सरळ प्रोसेसरमागे दर आला. मोठ्या आवृत्तीसाठी तो ४०,००० डॉलर होता.

हेही फार टिकले नाही. आयबीएमच्या ‘पॉवर-४’ने २००१ मध्ये एकाच चकतीवर दोन कोअर बसवले, २००५ मध्ये एएमडी आणि इंटेलही त्याच वाटेने आले. प्रोसेसर म्हणजे बाहेरून दिसणारी चकती, की आतला प्रत्येक कोअर? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितले, चकती. (२०१२ च्या आवृत्तीपासून त्यांनीही कोअर मोजायला सुरुवात केली.) ओरॅकल आधी प्रत्येक कोअर पूर्ण धरत असे. २००५ मध्ये त्याला गुणक लागला: जुलैत सरसकट ०.७५, डिसेंबरात सनच्या टी-१ ला ०.२५, इंटेल व एएमडीला ०.५, इतरांना ०.७५. आयबीएमने २००६ मध्ये कोअरच्या जातीनुसार गुण देणारा तक्ता काढला, त्यात एका कोअरला ३० पासून १२० पर्यंत गुण आहेत.

आता एक हिशेब करू. दोन इंटेल प्रोसेसर आणि प्रत्येकात आठ कोअर असलेले एक यंत्र घ्या. चकत्या मोजल्या तर २. ओरॅकलच्या गुणकाने १६ गुणिले ०.५, म्हणजे ८. आयबीएमच्या तक्त्यात अशा दोन प्रोसेसरांच्या अनेक इंटेल यंत्रांना कोअरमागे ७० गुण आहेत, म्हणजे ११२०. यंत्र एकच, आणि त्याची तीन मापे. अपूर्णांकाचीही गंमत आहे. टी-१ चे सहा कोअर असतील तर ६ गुणिले ०.२५ म्हणजे १.५; त्याचे दोन धरायचे. पण अशी दोन यंत्रे असतील तर आधी सगळ्या कोअरची बेरीज करायची, मग गुणायचे आणि शेवटी पूर्णांक करायचा असा ओरॅकलचा नियम आहे. त्यामुळे उत्तर ३ येते, ४ नाही. पूर्णांक कोणत्या पायरीवर करायचा, हे मुलांना शिकवताना आपण किती कंठशोष करतो! येथे त्या पायरीची किंमत हजारो डॉलर आहे.

पुढे आभासी यंत्रे आली. एक डेटाबेस आज या यंत्रावर, उद्या त्या यंत्रावर चालता चालता हलवता येऊ लागला. तो जेथे आहे ती यंत्रे मोजायची, की जेथे जाऊ शकतो ती सगळी? चॉकलेट बनवणारी मार्स कंपनी २०१५ मध्ये ओरॅकलच्या परवाना-तपासणीविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोत न्यायालयात गेली, तेव्हा वादात हाही मुद्दा होता. दावा दोन महिन्यांतच मागे घेतला गेला, त्यामुळे न्यायालयाचे मत कळायचे राहिले.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आपण डेटाबेसच्या सुरक्षा-तपासणीकडे येऊ.

स्लॅमरच्या वर्षीच, १ जुलै २००३ पासून, कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला: लोकांची खाजगी माहिती चोरीला गेली तर त्यांना कळवलेच पाहिजे. डिसेंबर २००४ मध्ये कार्ड कंपन्यांनी आपले सुरक्षेचे नियम एकत्र केले, त्यांतही नियमित तपासणी आली. आता डेटाबेस तपासणारे सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला. गार्डियम २००९ मध्ये आयबीएमने घेतली, सेंट्रिगो २०११ मध्ये मॅकॅफीने, आणि ॲप्लिकेशन सिक्युरिटी २०१३ मध्ये ट्रस्टवेव्हने. काम थोडक्यात असे: हे सॉफ्टवेअर जाळ्यावरून डेटाबेसमध्ये शिरते आणि दोषांवरचे उपाय बसवलेत का, नको त्यांना नको ते अधिकार दिलेत का, कंपनीने ठेवलेले मूळ पासवर्ड तसेच आहेत का, हे पाहून अहवाल देते. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत ‘स्कॉट’ हे नाव आणि ‘टायगर’ हा पासवर्ड ठरलेला असे. स्कॉट हा कंपनीचा सुरुवातीचा एक कर्मचारी आणि टायगर त्याच्या घरचे मांजर. ते मांजर जगभरच्या डेटाबेसांत कित्येक वर्षे तसेच बसून होते.

या सॉफ्टवेअरचा परवाना कसा मोजायचा? आतापर्यंतची सगळी एकके, सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालते त्याची होती. तपासणारे सॉफ्टवेअर मात्र कोपऱ्यातल्या एका साध्या यंत्रावर चालते आणि दुसऱ्यांकडे पाहते. म्हणून जे पाहिले जाते ते मोजावे लागते. काही परवाने तपासल्या जाणाऱ्या यंत्रांचे कोअर मोजतात. वास्तविक १६ कोअरच्या यंत्रावरील पासवर्ड तपासायला चार कोअरच्या यंत्राहून चौपट श्रम पडत नाहीत. काही परवाने सरळ डेटाबेस मोजतात. हे न्याय्य वाटते, पण ‘एक डेटाबेस’ म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्टच्या भाषेत, सॉफ्टवेअरची एक चालती प्रत म्हणजे ‘इन्स्टन्स’, आणि तिच्यात हजारो डेटाबेस राहू शकतात. नुकत्याच बसवलेल्या, एकही नोंद नसलेल्या प्रतीतही स्वतःच्या कारभारासाठी चार डेटाबेस असतातच. ओरॅकलमध्ये उलट: २०१३ पर्यंत एका चालत्या प्रतीत एकच डेटाबेस असे, आणि २००१ पासूनच्या ‘रॅक’ रचनेत एका डेटाबेसला चार यंत्रांवरच्या चार चालत्या प्रती असू शकत. २०१३ च्या आवृत्तीने मग एका डेटाबेसच्या पोटात २५२ पर्यंत डेटाबेस ठेवण्याची सोय केली. परवान्यात नुसता ‘डेटाबेस’ शब्द असेल तर एकाच संस्थेत उत्तर १, ४ किंवा २५२ येऊ शकते. २०१६ मध्ये परवान्यातले हक्क कसे नोंदावेत याचा आंतरराष्ट्रीय मानकही निघाला, आयएसओ १९७७०-३. त्याने नोंदीचा नमुना ठरवून दिला. डेटाबेस कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र विक्रेता आणि ग्राहक यांच्यातच राहिला.

आणखी एक पद्धत टप्प्यांची आहे. समजा (आकडे आमचे, केवळ उदाहरणादाखल) पहिल्या १० डेटाबेसांना प्रत्येकी १ एकक, पुढच्या ४० ना ०.६, त्यापुढच्यांना ०.३. तर ८० डेटाबेसांसाठी १० अधिक २४ अधिक ९, म्हणजे ४३ एकके लागतील. हिशेब प्राप्तिकराच्या टप्प्यांसारखा आहे, आणि चूकही तीच होते. सगळ्या ८० ना ०.३ लावून २४ एकके मागवणारे भेटतात. मग तपासणी एका आकड्यावर येऊन थांबते, आणि उरलेले डेटाबेस तसेच राहतात.

कोणते राहतात, हा खरा प्रश्न आहे. एकक डेटाबेस असले की प्रत्येक डेटाबेसला किंमत चिकटते. मग माणूस मोठे, महत्त्वाचे डेटाबेस यादीत घालतो. चाचणीसाठी केलेली प्रत, जुन्या प्रकल्पाचा उरलेला साठा, उपकरणाबरोबर आलेला छोटा डेटाबेस हे सोडून देतो. चाचणीच्या प्रतीत अनेकदा खरीच माहिती भरलेली असते, हे तो विसरतो. २००३ मध्ये स्लॅमरला जी दारे उघडी मिळाली त्यांत अशी यादीबाहेरची बरीच होती. स्लॅमरनंतर मायक्रोसॉफ्टने जी साधने काढली त्यांतल्या ‘एसक्यूएल स्कॅन’चे काम जाळ्यावरच्या अशा दोषी प्रती हुडकण्याचेच होते. ते फुकट होते, आणि त्यासाठी आधी आपल्याकडे किती डेटाबेस आहेत हे सांगावे लागत नव्हते.

आमच्या संस्थेत काही वर्षांपूर्वी अशा तपासणीचा परवाना घ्यायचा ठरला. विभागांकडून याद्या मागवल्या. अकरा डेटाबेस निघाले. एक जादा असावा म्हणून बारांचा परवाना घेतला. पुढे एका तरुण सहकाऱ्याने सुट्टीच्या दिवशी सगळे जाळे शोधून काढले तेव्हा एकोणीस सापडले. दोन डेटाबेस निवृत्त झालेल्यांच्या खोलीतल्या, अजून चालू असलेल्या संगणकांवर होते. एक वर्णपटमापकाच्या नियंत्रण संगणकात होता. उपकरण विकणाऱ्याने तो आत बसवला आहे हे ते रोज वापरणाऱ्यांनाही माहीत नव्हते, आणि त्याच्या मुख्य खात्याला पासवर्डच नव्हता. सात अधिक परवान्यांसाठी पैसे त्या वर्षी नव्हते. बारांत कोण बसणार यावर बैठक झाली, आणि लेखा विभागाचा डेटाबेस वगळून वर्णपटमापक घ्यावा असे आम्ही सुचवले, तेव्हा लेखाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहण्यासारखे होते. शेवटी निवृत्तांच्या खोलीतले दोन्ही संगणक बंद केले, चाचणीच्या तीन प्रती पुसून टाकल्या, आणि उरले चौदा. त्यांपैकी दोन आम्ही हाताने तपासले. त्याला दोन दिवस लागले.